हसत गेली म्हणे

केल्डविकला येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवण्याचं काम बेरिल थ्वेटकडे आलं ते नवरा गेल्यावर. त्याआधी ते त्याचं, हॅरल्डचं, होतं. हॅरल्ड म्हणजे गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्यानं तोंड उघडलं की चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडायची, असं गाव अजून सांगतं. बेरिलनं उभा जन्म शाळेच्या भटारखान्यात काढला. गावातल्या निम्म्या माणसांच्या ताटात तिनं कधी ना कधी उकडलेला कोबी वाढलेला आहे आणि "संपव मुकाट्यानं" असं दटावलेलं आहे. त्यामुळे बँकेतला साहेब असो की नळ दुरुस्त करणारा, तिला सगळे 'मिसेस थ्वेट'च म्हणतात आणि तिच्यासमोर ताटात काही टाकत नाहीत.

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, चौकात बस थांबते. पावसाचे कोट घातलेली निवृत्त मंडळी खाली उतरतात. यॉर्कशरात जून असला तरी कोट लागतोच. या मंडळींना इतिहासाची आवड असते हे खरं, पण संडास कुठं आणि चहा कुठला चांगला, हे कळल्याशिवाय इतिहास त्यांच्या डोक्यात शिरत नाही. बेरिल आधी ती सोय दाखवते. मग चर्चचा कललेला मनोरा, मग दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायलाच हवं असा बोळ, मग 'ब्लॅक बुल' पबच्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची खूण. सगळ्यात शेवटी बटरक्रॉस. दगडी खांबांवर छप्पर, भोवती झिजलेल्या पायऱ्या. पूर्वी आसपासच्या शेतांवरल्या बायका तिथं लोणी विकायला बसत.

बटरक्रॉसची गोष्ट हॅरल्डनं बसवलेली होती. दोनशे वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर एका खाटकानं आपली बायको विकली. गळ्यात दावं बांधून तिला बाजारात आणली, जनावरामागे भरतात तशी जकात भरली आणि लिलाव पुकारला. एका गवंड्यानं ती घेतली. गरिबाला घटस्फोट कुठला परवडायला! तेव्हा लोकांची पक्की समजूत होती, की भर बाजारात, दाव्यानं बांधून आणि जकातदाराकडून पावती घेऊन विकली, की नवरा-बायको कायद्यानं मोकळी झाली. कायद्यात असलं काहीही नव्हतं. पण बाजारावर जगणाऱ्या माणसांचा बाजारावर देवापेक्षा जास्त विश्वास.

"आणि बाई?" हॅरल्ड इथं थांबायचा, भुवया उंचावायचा. "बाई हसत हसत गेली त्याच्याबरोबर!"

यावर हशा पिकायचाच. खाटकाचं नाव गावाला ठाऊक आहे. गवंड्याचं ठाऊक आहे. खाटकाच्या कुत्र्याचंसुद्धा ठाऊक आहे. बाईचं कुणाला ठाऊक नाही, आणि पाहुण्यांपैकी कुणी विचारतही नाही.

हॅरल्डला पुरल्यानंतर पहिल्यांदा बेरिल गोष्ट सांगायला उभी राहिली, तेव्हा शब्द त्याचेच होते, थांबायच्या जागाही त्याच्याच. "हसत हसत गेली" म्हटल्याबरोबर मंडळी खळाळून हसली. सगळ्यांची तोंडं उघडली, खरे-खोटे दात दिसले. आणि त्या दातांच्या गर्दीत, मागं, चीजवाल्याच्या गाड्याशेजारी एक तोंड मिटलेलं होतं. तिशीतली बाई, अंगावर मातकट शाल, डोकं उघडं, केस भिजलेले. पाऊस तर नव्हता. बेरिलला वाटलं, बहिरी असेल बिचारी. मग त्या बाईनं दोन बोटं गळ्याशी नेली आणि घट्ट बसलेलं काहीतरी सैल करावं तशी आत सरकवायला लागली. बोटं आत शिरेनात. गळ्याभोवती काहीच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी थोडी अलीकडे उभी असायची: चीजवाल्याकडून मध विकणारीपाशी, तिथून फुलवाल्यापाशी. ती जवळ आली की ओल्या तागाचा वास यायचा. एवढ्या मोठ्या भटारखान्यात उंदरांना आणि इन्स्पेक्टरांना पुरून उरलेली बेरिल भुताला काय घाबरणार! पण तिची झोप गेली. गळ्यापाशी काही सहन होईना. स्कार्फ बांधायचा सोडला, कोटाचं वरचं बटण उघडं टाकायला लागली. शेवटी डॉक्टरकडे गेली.

"नवरा गेल्यावर असं होतं, मिसेस थ्वेट," डॉक्टर म्हणाला. तोही तिच्या हातचा कोबी खाऊनच मोठा झालेला. "गेलेलं माणूस दिसल्यासारखं वाटतं."

"अरे, नवरा दिसला असता तर मी तुझ्याकडे कशाला आले असते? चहा केला असता. ही बाई कोण, ते सांग."

डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

बेरिलनं मग सरळ बटरक्रॉसच वगळला. बोळातून मंडळींना थेट चहाच्या दुकानात न्यायची. त्यावर कुणीतरी तक्रार केली आणि रॉडनी प्ल्यूज दारात येऊन उभा राहिला. हातात दह्याच्या चक्क्याचा टार्ट. रॉडनीचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गावाच्या वारसा समितीचा तो अध्यक्ष आहे. खिळे विकताना तो जितका गंभीर असतो, तितकाच वारशाबद्दल बोलताना.

"बेरिल, बटरक्रॉस वगळलास म्हणे?"

"गुडघे दुखतात."

"बटरक्रॉस सपाटीला आहे."

"सपाटीला गुडघे दुखत नाहीत, असं कुठं लिहिलंय?"

"अगं, लोक त्यासाठीच येतात. कललेले मनोरे काय, गावोगाव आहेत. बायको विकलेलं गाव आपलं एकट्याचं!"

"असं सांगतोयस जणू तूच विकलीस."

"माझी कोण घेणार!" म्हणून रॉडनी स्वतःच हसला. मग टार्ट कापता कापता त्यानं खरं काम काढलं. यंदाच्या जूनमधल्या मिडसमर जत्रेत लिलावाचं नाटक पुन्हा करायचं. हॅरल्ड असताना ते दर वर्षी व्हायचं: तो खाटीक, बेरिल बायको, रॉडनी जकातदार. आता बेकरीतली टॅमसिन बायको होणार होती आणि तिचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो क्रेग खाटीक.

"हॅरल्डचा सगळा पुकारा मी क्रेगकडून घोटून घेतलाय," रॉडनी म्हणाला. "शब्द न् शब्द."

"सगळा?"

"सगळा. ते 'वेत नाही'सुद्धा. त्यावर तर लोक अंगावर बिअर सांडायचे, आठवतंय?"

बेरिलनं कप खाली ठेवला.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला दिवस गेले होते. एप्रिलमध्ये, पोट दिसायला लागायच्या आधीच, सगळं संपलं. दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हॅरल्ड त्या दिवशी स्वयंपाकघरात तिचा हात धरून रडला होता, हे खोटं नाही. जूनमध्ये तो बटरक्रॉसच्या पायरीवर चढला, समोर गर्दी पाहिली आणि सवयीनं त्याच्या तोंडून बाजारातला पुकारा सुटला. न व्यालेल्या कालवडीची भलावण करतात तसा: "एकही वेत नाही, मंडळी, पण गरीब आहे! लाथ मारत नाही! दावणीला बांधली की उभीच्या उभी!"

चौक हसून लोळला. सगळं गाव आपल्या तोंडाकडे बघत हसत असताना गळ्यात दावं घेऊन उभ्या असलेल्या बाईनं काय करायचं असतं? बेरिल हसली, चांगली मोठ्यानं हसली. तेवढा हशा मिळाल्यावर ते वाक्य हॅरल्डनं पुढं दर वर्षी म्हटलं आणि दर वर्षी ती हसली. घरी जाताना तो सांगायचा, "गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून परत आणली." तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तिला त्याचा राग तरी धड करता आला असता. आपण काय बोललो, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही.

"टॅमसिनला यात घालू नकोस, रॉडनी," ती म्हणाली.

"अगं, ती हौसेनं तयार झालीय. आणि तुझ्यासाठीही काम आहे. जकातदाराच्या टेबलावर तू बस. तिकोनी टोपी घालायची, जकात घ्यायची, पावती फाडायची. तुझा मान आहे तो."

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण खिडकीबाहेर, फाटकाशी, ती बाई उभी होती. गुरुवार नव्हता, बाजारही नव्हता. घरापर्यंत आली होती. आणि पहिल्यांदाच ती बेरिलकडे बघत नव्हती. रॉडनीकडे बघत होती, इतकी वर्षं जकात घेणाऱ्या त्या माणसाकडे. बेरिलच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. जकात घेतली म्हणून विक्री झाली. जकातदार नाही म्हणाला असता, तर?

"बसते," ती म्हणाली. "टोपी मात्र धुऊन दे. गेल्या खेपेला तुझ्या डोक्यावर होती."

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. जत्रेच्या आधीच पोरीला सांगितलं तर टेबलावर बसायची वेळच येणार नाही, असं तिला वाटलं. टॅमसिन काउंटरमागं पाव मांडत होती. मोठी हसरी पोरगी. लहानपणी कोबी लपवायला दप्तरात डबा घेऊन यायची.

"ते नाटक करू नकोस, पोरी."

"का हो? गंमत आहे की, मिसेस थ्वेट. क्रेगनं तर घरात नुसता धुमाकूळ घातलाय, उठताबसता पुकारा! परवा आईसमोर मला म्हणतो, दात बघून घ्या. आई एवढी हसली!"

"आणि तू?"

"मी पण हसले. काय करणार, वेडाच आहे तो." टॅमसिननं पिठाचा हात एप्रनला पुसला. "आणि तुम्ही नाही का केलंत इतकी वर्षं? टाउन हॉलमधल्या फोटोत तर सगळ्यांत जास्त तुम्हीच हसताय."

 याचं उत्तर द्यायचं तर एप्रिलपासून सांगावं लागलं असतं, आणि मागं रांगेत दोन माणसं उभी होती. तिनं पाव घेतला आणि बाहेर पडली. इतकी चिडली होती, की पावाचे पैसे द्यायचे विसरली. कुणावर चिडली होती, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून भुरभुर चालू होती. केल्डविकची माणसं असल्या पावसाला पाऊस म्हणत नाहीत. चौकात तंबू, डुकराचं मांस भरलेले पॅटिस, आल्याचे केक, बँडवाले. टाउन हॉलच्या काचेच्या कपाटातून दावं बाहेर काढलं होतं. त्याखाली 'परंपरागत दावं, पत्नीविक्रीसाठी' अशी पाटी लागलेली असते आणि पाहुणे तिचे श्रद्धेनं फोटो काढतात. हॅरल्डनं ते गुरांच्या खाद्याच्या दुकानातून आणलं होतं. वारसा काय, कपाटात ठेवला की होतो.

बेरिल तिकोनी टोपी घालून टेबलामागं बसली. मंडळी दाटीवाटीनं उभी राहिली. तिनं नजर फिरवली. ती बाई शोधावी लागली नाही. टेबलाच्या पलीकडेच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ उभी होती. शालीतून पाणी ठिबकत होतं आणि खालचे दगड मात्र तिथं कोरडेच होते.

बँड वाजला. 'ब्लॅक बुल'च्या दारातून क्रेग आला. लाल तोंड, पांढरा एप्रन, हातात दावं आणि दाव्याच्या टोकाला टॅमसिन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. टॅमसिननं गुडघ्यात वाकून सलाम केला. क्रेगनं दाव्याला हिसका दिला, ती धडपडली, पुन्हा हशा.

"जकातदारीणबाई!" क्रेग गरजला. "एक नग बायको! जकात घ्या!" आणि त्यानं नाणं टेबलावर आपटलं.

"घेणार नाही," बेरिल म्हणाली.

समोरच्या बाईनं मान वर केली. तिनं सरळ बेरिलच्या डोळ्यांत पाहिलं.

"अं?" क्रेग गडबडला. हे वाक्य त्याच्या पाठांतरात नव्हतं.

"जकात जनावराची असते. ही जनावर नाही. जकात नाही, तर विक्री नाही. घरी जा सगळे."

चौक असा हसला की बँडवाल्याच्या ढोलावरचं पाणी उडालं. "वा, मिसेस थ्वेट!" कुणीतरी ओरडलं. "म्हातारी फॉर्मात आहे!" लोकांना वाटलं, यंदा नाटकात नवीन प्रवेश घातलाय. रॉडनी धावत आला, गर्दीला डोळा मारला, तिच्या डोक्यावरची टोपी उचलून आपल्या डोक्यावर ठेवली आणि नाणं खिशात टाकलं. "जकात पावली! लिलाव सुरू!" टोपीला तर टाळ्याच पडल्या.

बेरिलनं समोर पाहिलं. ती बाई तिथं नव्हती.

क्रेग पायरीवर चढला. टॅमसिनला ओढून वर घेतलं. आता त्याला सगळं आठवलं, हॅरल्डचे शब्द आणि हॅरल्डचा ठेकासुद्धा. "दात शाबूत, मंडळी! पाय मजबूत! एकही वेत नाही, पण गरीब आहे! लाथ मारत नाही! दावणीला बांधली की..."

"उभीच्या उभी!" गर्दीतल्या जुन्या माणसांनी वाक्य पुरं केलं.

टॅमसिन हसत होती. डोकं मागं टाकून, सगळे दात दाखवत. आणि हसता हसता तिनं दोन बोटं गळ्याशी नेली, दाव्याच्या आत सरकवायला. पावसानं ताग फुगला होता. बोटं आत शिरेनात.

बेरिल टेबलामागून निघाली. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटलं, पुढचा प्रवेश आला. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणत ती एकेक पायरी चढली. क्रेगनं हात धरून तिला वर घेतलं आणि "ही बघा, पहिलं गिऱ्हाईक!" म्हणून ओरडला. हशाचा आवाज इतका होता, की हाताच्या अंतरावरचंही ऐकू येईना. बेरिलनं कान टॅमसिनच्या तोंडाशी नेला.

पोरीचे ओठ हसण्यासाठी ताणलेलेच होते. त्या हसण्याच्या आतून, दातांतून, ती कितीतरी वेळ एकच म्हणत होती. "मिसेस थ्वेट, घट्ट बसलंय. श्वास लागतोय. मी त्याला सांगतेय, तो ऐकतच नाहीये. सोडवा ना. सोडवा ना."

 हसत गेली म्हणे. सगळ्या गावानं बघितलं होतं, दोनशे वर्षं गाव ते सांगत होतं, तिनं स्वतः दर गुरुवारी सांगितलं होतं. हसणारी बाई बघायला अख्खा बाजार होता. ती काय बोलतेय ते ऐकू येईल इतक्या जवळ कुणीच गेलं नव्हतं.

"माझं मूल गेलं होतं," ती म्हणाली. क्रेगला म्हणाली, पण तिचा आवाज भटारखान्यातला होता. चारशे पोरांचा गोंधळ मोडणारा आवाज. तो चौकभर गेला. "त्या वर्षी माझं मूल गेलं होतं आणि हॅरल्डनं हे वाक्य म्हटलं. मी हसले. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत मला हसताना. आता हात काढ त्या दाव्यावरचा."

क्रेगनं हात काढला. हशा सगळीकडे एकदम थांबला नाही. मागं ज्यांना नीट कळलं नव्हतं ते थोडा वेळ हसत राहिले, मग त्यांनाही शेजारच्यांनी गप्प केलं. रॉडनीनं टोपी काढली.

बेरिल गाठीशी झटायला लागली. ओली गाठ, फुगलेला ताग, तिची संधिवाताची बोटं. नखं मोडली. टॅमसिन आता हसत नव्हती, बेरिलच्या खांद्याला धरून रडत होती. "उभी राहा, पोरी, हलू नकोस," बेरिल पुटपुटत होती, "झालंच, झालंच बघ." शेवटी फास सैल झाला. दावं टॅमसिनच्या डोक्यावरून निघून पायरीवर पडलं. तिच्या आईनं खालून हात पुढं केले आणि पोर तिच्याकडे उतरून गेली.

बेरिल तिथंच उभी राहिली. दावं पायाशी पडलेलं होतं, समोर कुणी नव्हतं, तरी तिच्या बोटांत अजून एक गाठ होती. थंडगार, जास्त बारीक, कितीतरी जास्त घट्ट. तिच्या तोंडावर कुणाचा तरी तुटका, गार श्वास येत होता.

खालून लोकांना एवढंच दिसत होतं, की म्हातारी हवेत बोटं चाळवतेय. "थंडीनं कापतेय, खाली घ्या तिला," कुणीतरी हळूच म्हणालं. रॉडनी वर चढायला लागला. बेरिलनं मान न वळवता त्याला थांबवलं.

"थांब," ती म्हणाली. "हिची अजून सुटली नाही."